न बुजवलेले व्रण

फोटोग्राफरच्या बायकोला काय काम असतं, असं मला माहेरी धारला पुष्कळ जणींनी विचारलं. मी सांगायची, मी माणसांना सुंदर करते. त्या हसायच्या, पण ते खरंच होतं.

देवासला टेकरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा स्टुडिओ होता. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो संस्थानाच्या काळात सुरू केला आणि पुढे ह्यांनी चालवला. फोटो काढायचे ते हे, धुवायचे तेही हेच. मी मागच्या खोलीत बसून रिटचिंग करायची. आता ते काम कोणी करत नाही, म्हणून सांगते. तेव्हा निगेटिव्ह चांगली पोस्टकार्डाहून मोठी असायची. ती तिरप्या चौकटीत काचेवर ठेवायची, खाली आरसा, आरशातून उजेड वर येणार. मग पेन्सिलीला सुईसारखं टोक करून निगेटिव्हवर बारीक बारीक टिंबं द्यायची. फोटोत जे काळं दिसतं ते निगेटिव्हमध्ये मोकळं असतं. ते मोकळं पेन्सिलीनं भरलं की फोटोतली सुरकुती गेली, डोळ्यांखालचं काळं गेलं, गालावरचा डाग गेला.

आणि देवीचे व्रण गेले. देवीचा रोग देशातून नुकताच गेला होता, पण लोकांच्या चेहऱ्यांवरून गेला नव्हता. लग्नाच्या मुलीचा फोटो असला, की तिचे आईवडील काउंटरवर वाकून हळूच म्हणायचे, "भिया, वो जरा देख लेना." हे मान हलवायचे आणि निगेटिव्ह माझ्याकडे यायची. एकेक व्रण म्हणजे एकेक खड्डा. दोनशे असले तर दोनशे भरायचे, आणि गाल पिठाच्या गोळ्यासारखा गुळगुळीत दिसता कामा नये. त्या कामात माझा हात चांगला बसला होता. इंदूरचे दोन स्टुडिओवाले त्यांच्या अवघड निगेटिव्ह माझ्याकडे पाठवायचे. हे मी आजही जरा मान वर करूनच सांगते. त्या मुलींची लग्नं झाल्यावर पुढे काय झालं असेल, हे मात्र मी सोळा वर्षांत एकदाही मनात आणलं नाही.

त्या सोळा वर्षांत मी कॅमेऱ्याला हातही लावला नव्हता.

सत्तरचं दशक संपायला आलं होतं. त्या वर्षी संक्रांत झाली आणि ह्यांच्या उजव्या डोळ्यापुढे काळं कापड वरून खाली यावं तसं दिसायला लागलं. इंदूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय. ऑपरेशन झालं आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून ह्यांना निजवून ठेवलं. घरी आणलं तेव्हाही दोन्ही डोळे बांधलेलेच होते. वर्षभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि जपून राहायचं, असं सांगितलं होतं. उजव्या डोळ्यानं किती दिसेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

स्टुडिओच्या मागच्याच खोलीत ह्यांची खाट टाकली. आठ दिवस दार बंद होतं. नवव्या दिवशी कोणीतरी कडी वाजवली. हे पडल्या पडल्या म्हणाले, "उघड. आणि काळं कापड डोक्यावर घे."

दारात कारखान्यात नोकरीला लागलेला एक मुलगा उभा होता. वाशिमकडचा, अंगात नवा शर्ट.

"वहिनी, मायले फोटो पाठवाचा हाय," तो म्हणाला. "मी अठी चांगला खातो-पितो असं दिसलं पाह्यजे."

त्याला बसवला, दिवे लावले आणि काळ्या कापडात शिरले. आमचा कॅमेरा लाकडी, तीन पायांवर उभा. मागच्या दुधी काचेवर माणूस दिसतं ते खाली डोकं वर पाय. सोळा वर्षं मी माणसं काळ्याची पांढरी बघितली होती, आता ती उलटी टांगलेली बघायची होती. त्यात त्या मुलानं आपण सुखी आहोत हे दाखवायला दोन्ही गाल फुगवून धरले होते. मला हसू यायला लागलं. हसतच फिल्मचा होल्डर आत घातला, हातातला रबरी फुगा दाबला, शटर उघडलं, मिटलं. होल्डरचं झाकण ओढायला विसरले होते, फिल्मवर काही पडलंच नव्हतं. सगळं पुन्हा केलं. त्यानं पुन्हा गाल फुगवले.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "उजेड कुठल्या बाजूनं होता?"

"डाव्या."

"नाकाची सावली कुठवर गेली? ओठाला टेकली?"

मला सांगता येईना. हे चिडले नाहीत. म्हणाले, "मला दिसत नाही. तू मला सांगितलं नाहीस तर फोटो बरा आला की वाईट हे मला कसं कळणार? उद्यापासून बघून ये आणि सांग."

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. रोज दुपारी मी खाटेशेजारी बसून त्या दिवसाचे चेहरे सांगायची. सांगायचं म्हणून बघायला लागले आणि बघायला लागल्यावर थांबता येईना. दूध घालायला येणाऱ्याच्या कपाळावर उजेड कसा पडलाय, वाण्याच्या दुकानात टांगलेल्या बल्बखाली त्याचे डोळे कसे खोल गेलेत, सगळीकडे तेच. एकदा भाजीवालीपुढे मेथीची जुडी हातात धरून मी तिच्या नाकाची सावलीच बघत राहिले. ती म्हणाली, "कंई देखो हो, भेन?" मी म्हटलं, "काही नाही," आणि ते ह्यांना सांगायला जवळजवळ धावत घरी आले. चाळिशी जवळ आलेली बाई मी, पण अंगात नुसती वीज भरल्यासारखं झालं होतं.

फेब्रुवारी संपता संपता धारहून पत्र आलं. आमच्या मुलींच्या शाळेत नवं सभागृह बांधून होत आलं होतं. त्यात मोठ्या बाईंचा फोटो लावायचा असं माजी विद्यार्थिनींच्या मंडळानं ठरवलं होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली, म्हणून काम आमच्या स्टुडिओकडे आलं. फोटो खूप मोठा करायचा होता, दोन हात उंच. मंडळाच्या चिटणीस निर्मलावहिनींनी शेवटी लिहिलं होतं, "बाईंच्या चेहऱ्याचं तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्या हाताची कीर्ती ऐकून आहोत."

बाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. थोडेथोडके नाहीत, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

बाई देवासला भाचीकडे उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत आल्या. पांढरं नऊवारी, काळ्या काठाचं. मी पाया पडले. त्यांनी ह्यांची चौकशी केली आणि खुर्चीत ताठ बसल्या. मी ह्यांच्या रीतीप्रमाणे दिवा समोरून लावला, मागे जिन्याचा रंगवलेला पडदा सोडला आणि फोटो काढला. मग सहा दिवस निगेटिव्हवर काम केलं. इतकं बारीक काम मी आधी कधी केलं नव्हतं. एक व्रण शिल्लक ठेवला नाही, आणि कातडी तरी खरी वाटत होती. प्रिंट काढून एक बाईंना पाठवली, एक निर्मलावहिनींना.

वहिनींचं कौतुकाचं पत्र आलं. बाई मात्र पुढच्या आठवड्यात स्वतःच आल्या. पिशवीतून फोटो काढून काउंटरवर ठेवला.

"कुमुद, ही कोण?"

मी फोटोकडे बघितलं.

"रागवायला नाही आले. काम सुंदर झालंय. पण मला ही बाई माहीत नाही." त्या खुर्चीत बसल्या. "मी आठ वर्षांची असताना देवी आल्या. वाचले. पुढे तीन ठिकाणचे लोक मला बघायला आले आणि तिन्ही उठून गेले. तिसरे गेले त्या दिवशी आमचे वडील, दरबारात कारकून होते, जेवताना आईला म्हणाले, हिला आता शिकवू. आमच्या घरात मुलगी शिकलेली नव्हती. चेहरा साफ असता तर चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं असतं. मला ह्या व्रणांनी शाळेत पाठवलं. आणि त्याच शाळेत तू मला ते पुसून लावणार?"

आत खाटेवरून हे सगळं ऐकत होते हे मला कळत होतं.

"पुन्हा काढते, बाई," मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण कसं काढायचं ते मला येत नव्हतं. दिवा समोरून लावला की व्रण फिके पडतात, पण चेहराही दिसत नाही, नुसती पाटी दिसते. दिवा बाजूला नेला की एकेका खड्ड्यात शाई ओतल्यासारखी सावली भरते. त्या दिवशी तसा एक काढून बघितला. रात्री धुतला आणि बाईंना न दाखवताच ठेवून दिला. चेहऱ्याची चाळण झाली होती. बघणाऱ्याला फक्त रोग दिसला असता. ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "मला हे कधी जमवावंच लागलं नाही. मी तुझ्याकडे पाठवून द्यायचो."

बाई भाचीकडे राहिल्या. त्यांना घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी अंगणात बसवून काढला, तर उन्हानं त्यांचे डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी पडदा बदलला, दिव्यापुढे पातळ कागद धरला. थोडं बरं आलं, पण बाई त्यात आजारी दिसत होत्या. फिल्म संपत चालल्या होत्या आणि खरं सांगायचं तर मला त्याची फिकीर नव्हती. सकाळी उठले की पहिला विचार तोच, आज उजेड कुठून आणायचा. इतकं अडलेलं काम आणि इतका आनंद, दोन्ही एकदम मी तोवर अनुभवलं नव्हतं.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला बाई खुर्चीत बसल्या, मी कापडात शिरले आणि लाईट गेली. त्या वर्षांत कारखाने वाढले होते आणि लाईट दिवसाढवळ्या जायची, तासन्‌तास यायची नाही. स्टुडिओत अंधार झाला. मी कापड बाजूला केलं आणि तेवढ्यात बाईंच्या हाताकडे लक्ष गेलं.

उजवा हात मांडीवर होता आणि त्यावर रुपयाएवढा उजेडाचा ठिपका पडला होता. मऊ, दुधासारखा. मनगटावरच्या शिरा, बोटांची पेरं, कातडीच्या घड्या, सगळं दिसत होतं आणि काहीही टोचत नव्हतं. मी वर बघितलं. उत्तरेच्या भिंतीत मामंजींच्या वेळची मोठी काच होती, छतापासून कमरेपर्यंत. त्या काळी दिवे नव्हते, फोटो तिच्याच उजेडात निघायचे. पुढे वीज आली तेव्हा ह्यांनीच त्या काचेला आतून हिरवा ऑइलपेंट देऊन ती बंद केली होती. एका कोपऱ्यातला रंग पोपडा होऊन गळून पडला होता, तिथून हा उजेड येत होता.

मी स्वयंपाकघरात गेले, उलथनं घेऊन आले, स्टुलावर चढले आणि रंग खरडायला लागले.

"काय करतेस?" बाईंनी विचारलं.

"उजेड आणते."

त्यांनी क्षणभर बघितलं. मग पदर खोचला, काउंटरवरची लोखंडी पट्टी उचलली आणि खालच्या बाजूनं खरडायला लागल्या. "शाळेतले फळे मी दरवर्षी स्वतः खरवडून रंगवले आहेत," म्हणाल्या. "तू वरचं बघ."

आवाज ऐकून हे आतून म्हणाले, "काय चाललंय?"

"रंग काढतोय."

"कुठला?"

"उत्तरेच्या काचेचा."

ती काच बंद करताना मामंजी आणि हे महिनाभर एकमेकांशी बोलले नव्हते, असं सासूबाई सांगायच्या. माझं उलथनं हवेतच राहिलं. मग आतून आवाज आला, "नुसती काच पुरणार नाही. बाईंच्या दुसऱ्या बाजूला पांढरी चादर बांध. आबा बांधायचे." आबा म्हणजे मामंजी.

पाऊण तासात कमरेपासून वर हात पोचेल तिथवर काच मोकळी झाली. आम्ही दोघी हिरव्या कपच्यांनी माखलो होतो. बाईंनी तोंड धुतलं, केस नीट केले. मागचा जिन्याचा पडदा मी गुंडाळून टाकला, मागे नुसती भिंत ठेवली. कपडे वाळत घालायची दोरी बांधून तिच्यावर चादर टाकली. मग बाई बसल्या आणि मी कापडात शिरले.

दुधी काचेवर बाई उलट्या दिसत होत्या आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. व्रण होते, एकूण एक होते, पण ते आता डाग नव्हते. नर्मदेच्या काठचे दगड पाण्यानं घासून घासून जसे होतात, तशी ती कातडी दिसत होती. मधे डोळे. शाळेच्या दारात उशिरा येणाऱ्या मुलीची वाट बघत उभ्या राहायच्या तेव्हाचे.

"सांग," आतून हे म्हणाले.

मी कापडातूनच सांगत गेले. कपाळ उजळ, उजवा गाल मऊ, नाकाची सावली ओठाला टेकत नाही, डाव्या गालात अंधार आहे पण त्यातलंही दिसतंय.

"डोळ्यात काच चमकते का?"

"दोन्हीत. चौकोनी."

"मग तीन मोज. श्वास धरायला सांग."

बाईंना सांगायची गरज नव्हती, त्या भिंतीसारख्या स्थिर होत्या. मी फुगा दाबून धरला आणि ह्यांनी आतून मोजलं, एक राम, दोन राम, तीन राम.

ती फिल्म मी लगेच अंधारात धुतली. निगेटिव्ह उजेडात धरली आणि कळलं, आलंय. सवयीनं पेन्सिल उचलली होती. टोक करून ठेवून दिली.

बाईंनी प्रिंट काचेजवळ नेऊन पाहिली. मग म्हणाल्या, "आईसारखी दिसते मी. मला वाटायचं, मी कोणासारखीच दिसत नाही."

मी ती प्रिंट निर्मलावहिनींना पाठवली आणि चौथ्या दिवशी वहिनी मोटारीनं देवासला आल्या. वहिनी वाईट नव्हत्या. बाईंवर त्यांची फार श्रद्धा होती, म्हणूनच तर त्या घाबरल्या होत्या.

"कुमुदताई, मतलब हे हॉलमध्ये लावायचं? रोज तिथं मुली बसणार. छोट्या मुली तर डरून जातील. आणि लोक काय म्हणतील, की मंडळानं बाईंची काय इज्जत ठेवली? मला तर वाटतं, पहिलाच एकदम बढिया होता. त्याचीच निगेटिव्ह द्या, मोठा करून घेऊ."

"बाईंना तो नको आहे."

"बाई काय, साध्या आहेत. त्यांना स्वतःचं काही कळत नाही."

मी म्हटलं, विचार करून कळवते. त्या गेल्यावर मी धारला परतलेल्या बाईंना पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीत आलं: "चेहरा माझा आहे, पण काम तुझं आहे, तुला जे खरं दिसतं ते कर."

ते पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. तोवर ह्यांची पट्टी निघाली होती, डोळ्यांवर काळा चष्मा आला होता, मधे फक्त बारीक भोकं. त्यातून समोरचं थोडं दिसायचं. धारची शाळा म्हणजे वर्षाकाठी सगळ्या वर्गांचे फोटो, स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ. वहिनींना दुखावलं तर ते सगळं जाणार होतं आणि त्या वर्षी आम्हाला ते जाऊन चालण्यासारखं नव्हतं. हे म्हणाले, "पहिल्या निगेटिव्हवर तू सहा दिवस बसली होतीस."

"हो."

"माझ्या हातून निघालेल्या एकाही फोटोवर तू इतकं बसली नाहीस." मग म्हणाले, "टर्पेंटाइन वरच्या फळीवर आहे."

पेन्सिल निगेटिव्हवर नीट धरावी म्हणून आधी राळेचा पातळ थर देतात. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं तो निघतो आणि पेन्सिलही त्याच्याबरोबर जाते. मी बोळा भिजवला आणि कपाळापासून सुरुवात केली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बारीक काम कापसावर राखाडी डाग होऊन आलं. दोन मिनिटं लागली. वाईट वाटेल असं धरून चालले होते, पण पुसून झाल्यावर मी खिडकी उघडून मोठा श्वास घेतला आणि वहिनींना लिहून टाकलं, की आता दोन्ही निगेटिव्हमध्ये बाई आहेत तशाच आहेत.

वहिनींचं उत्तर आलं नाही. मोठी केलेली प्रिंट मी इंदूरहून तयार करवून पाठवली, तिचीही पोच आली नाही. पण पहिल्या फोटोची प्रिंट त्यांच्याकडे होतीच, आणि प्रिंटवरून प्रिंट कोणीही काढून देतं. त्या तसं करतील असं मी धरून चालले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. उत्तरेच्या काचेसमोर मी माणसांमागून माणसं बसवत होते. कारखान्यातले लोक, नवरानवरी, मांडूला गाईडचं काम करणारे एक म्हातारे गृहस्थ, त्यांना घेऊन आलेली त्यांची सून. काही जण म्हणायचे, जिन्याचा पडदा कुठाय. काही जण फोटो हातात घेऊन नुसते बघत राहायचे. हे आता स्टुडिओत खुर्चीवर येऊन बसायचे आणि भोकाच्या चष्म्यातून चादर सारखी करायला सांगायचे.

दिवाळी झाल्यावर छापील निमंत्रण आलं. सोबत ओळ होती, समारंभाचे फोटो काढायला यावे. तेवढंच.

आम्ही दोघंही गेलो. ह्यांचा वर्षातला पहिला प्रवास. मी कॅमेरा उचलला, ह्यांनी फक्त होल्डरची पिशवी धरली. सभागृह भरलं होतं. मंचावर बाई, निर्मलावहिनी, पाहुणे. भिंतीवर दोन हात उंच चौकट आणि तिच्यावर जांभळा रेशमी पडदा. पडद्यामागे कुठला फोटो आहे ते आम्हाला माहीत नव्हतं, बाईंनाही नव्हतं. मी कॅमेरा पडद्यासमोर लावला आणि कापडात शिरले, म्हणजे कोणाला माझं तोंड दिसायला नको.

पाहुण्यांनी दोरी ओढली. काचेवर पडदा खालून वर गेला, कारण मला सगळं उलटं दिसत होतं, आणि मागून उत्तरेच्या काचेच्या उजेडातल्या बाई बाहेर आल्या.

सभागृहात मागच्या रांगेतून कोणीतरी, एखाद्या वयस्क बाईचा आवाज होता, नकळत म्हणाली, "उभ्या राहा गं," आणि निम्म्या बायका खरंच उभ्या राहिल्या. बाई वर्गात आल्यावर उभ्या राहायच्या तशा. मग हसू फुटलं, मग टाळ्या. मी फुगा दाबायचा तो नंतर दाबला, त्यामुळे त्या फोटोत सगळ्या हसताना आल्या आहेत.

समारंभ झाल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या. "पहिल्या प्रिंटवरून तोही मोठा करून घेतला होता," म्हणाल्या. "घरी दोन्ही भिंतीला टेकवून ठेवले होते. कालपर्यंत ठरत नव्हतं. मग आमच्या सासूबाई खोलीत आल्या. त्या बाईंच्या पहिल्या तुकडीतल्या. ह्या फोटोसमोर आल्या आणि पदर सारखा करून उभ्या राहिल्या. दुसऱ्याकडे बघितलं पण नाही." मग म्हणाल्या, "मी तुम्हाला पत्र लिहायला हवं होतं."

हे फोटोपुढे उभे होते. चष्मा काढला, डावा डोळा अगदी जवळ नेला, मागे आले, पुन्हा जवळ गेले. मी विचारलं, "कसा आहे?"

"आबांनी असाच काढला असता," हे म्हणाले. "मला नसता जमला."

आम्ही बसस्टँडवर आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. इंदूरची बस लागलेली होती आणि पुढे देवासची गाडी गाठायची होती. मी कॅमेरा आत चढवणार, एवढ्यात मागून कोणीतरी पदराला हात लावला. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई. टोपलीत सीताफळं. सीताफळांच्या दिवसांत शाळेच्या फाटकाशी बसून मुलींना फळं विकायची, असं तिनं मग सांगितलं. पडदा उघडला तेव्हा ती सभागृहाच्या दाराशी उभी होती.

"वा बड़ी बाई को फोटू तमने खेंच्यो?"

"हो."

तिनं टोपली खाली ठेवली आणि घुंघट मागे सारला. गाल, कपाळ, हनुवटी, सगळीकडे देवीचे व्रण. माझ्याच वयाची असेल.

"म्हारो बी असोज खेंचोगा?" तिनं विचारलं. मग घाईघाईनं म्हणाली, "आज तक कोई ने नी खेंच्यो."

ती कुठून येते ते मी विचारलं. धरमपुरीची. उद्या परत जाणार होती, नवऱ्याची होडी होती तिकडे. पुन्हा धारला कधी येईल ते सांगता येत नव्हतं. देवासला तर ती कधीच येणार नव्हती.

मी ह्यांच्याकडे बघितलं. "फिल्म?"

ह्यांनी पिशवीत हात घालून होल्डर चाचपले. "एक आहे."

कंडक्टरनं बसच्या पत्र्यावर थाप मारली. "चलो भिया, इंदोर, इंदोर."

हे आकाशाकडे तोंड करून उभे राहिले. मग बसस्टँडच्या मागच्या चुन्याच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीच्या सावलीत उजेड पसरलेला होता, कुठूनही थेट न येणारा. "तिथं बसव," म्हणाले. "जातोय तो उजेड. लवकर."

बस गेली. आम्ही तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. मी कॅमेऱ्याचे पाय मातीत रोवले, ह्यांनी आपलं उपरणं काढून तिच्या डाव्या बाजूला दोन्ही हातांनी ताणून धरलं. डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं होतं, पण त्या वेळी दोघांपैकी कोणाला ते आठवलं नाही. ती सीताफळांच्या टोपलीवर हात ठेवून बसली. मी विचारलं, टोपली बाजूला ठेवायची का. ती म्हणाली, "नी, रेवा दो."

मी कापडात शिरले. ती उलटी होती, टोपली वर, आकाश खाली, आणि डोळे सरळ माझ्याकडे. होल्डरचं झाकण ओढलं.

"सांग," हे म्हणाले.

आणि मी सांगायला लागले.